देवासच्या दोन पात्या आणि एक ‘स्टेट’

पीपलरावां हे मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातलं, सोनकच्छ परिसरातलं लहानसं शहर. घरात माळवी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, आणि पाठ्यपुस्तकात वाढत जाणारं इंग्रजी. इथल्या एखाद्या मुलानं इंग्रजी-हिंदी शब्दकोशात ‘स्टेट’ हा शब्द काढला, तर समोर ओळीनं अर्थ येतात: राज्य, रियासत, दशा, अवस्था, स्थिति, कहना, बयान करना. हाच शब्द देवास किंवा धार शहरातल्या जुन्या मराठी घरात काढला, तर वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला शब्द येईल तो या यादीत नाही. तो शब्द म्हणजे संस्थान.

शब्दकोशात पर्याय एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी चालतील असं वाटतं. ‘स्टेट’च्या बाबतीत तसं मुळीच नाही. यातला प्रत्येक पर्याय वेगळ्या काळातून आणि वेगळ्या कचेरीतून आला आहे. हिंदीनं आणि मराठीनं या एका इंग्रजी शब्दाचे तुकडे आपापल्या इतिहासाप्रमाणे पाडले, आणि ते तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत. हे समजून घ्यायला देवाससारखी जागा नाही.

माळवा मराठ्यांच्या हाती आला तेव्हा पवार घराण्याच्या एका शाखेकडे धार गेलं आणि देवास तुकोजी व जिवाजी या दोघा भावांकडे आलं. सुरुवातीला कारभार एकत्र चालला. पुढे वंशजांत वाटणी झाली आणि देवास या एकाच गावात दोन राजे नांदू लागले. मराठीत त्यांना थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणतात, हिंदीत बड़ी पांती आणि छोटी पांती. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्या ‘सीनियर ब्रँच’ आणि ‘ज्युनिअर ब्रँच’ झाल्या. इंग्रजी शब्दात झाडाची फांदी आहे, वंशवृक्ष आहे. पाती म्हणजे वाटा. पातीदार म्हणजे भागीदार. माळव्यातल्या माणसाला देवास हे दोन भावांनी वाटून घेतलेलं वतन दिसत होतं, आणि त्यानं शब्दही वाटणीचाच वापरला. वाटणी किती खोल गेली होती पाहा: मुख्य रस्त्याची एक बाजू एका राजाची, दुसरी दुसऱ्याची, आणि दोन्ही बाजूंची पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्था वेगवेगळी. तरीही इंग्रज सरकारच्या हिशेबी ही दोन पूर्ण ‘स्टेट्स’ होती आणि दोन्ही राजांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी होती.

इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये देवासला येऊन गेला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला. त्या दिवसांवरचं त्याचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये आलं. त्याच्या देशातल्या वाचकाला ‘स्टेट’ म्हटलं की सार्वभौम सत्ता, सैन्य, परराष्ट्र व्यवहार असं काही डोळ्यांपुढे येणार, आणि इथे तर अर्धं गाव म्हणजे एक ‘स्टेट’. मराठी वाचकाला अशी अडचण कधी आली नाही. ‘संस्थान’ म्हटलं की त्याला बरोबर कळायचं, गादी आहे, राजा आहे, दरबार आहे, पण वर कोणीतरी मोठा धनी आहे.

मराठीनं संस्थान का म्हटलं आणि हिंदीनं रियासत का, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं. रियासत हा शब्द अरबी. त्याच्या मुळाशी ‘रअस’ म्हणजे डोकं. जो मस्तकस्थानी तो रईस, आणि त्याचं प्रमुखपण म्हणजे रियासत. या शब्दाची नजर माणसावर आहे. संस्थान मात्र संस्कृत ‘स्था’ धातूपासून आलेलं. एका जागी नीट उभं असणं, स्थिरावणं. या शब्दाची नजर ठिकाणावर आहे. आणि इथेच एक विलक्षण नातं आहे. इंग्रजी ‘स्टेट’ येतो लॅटिन ‘स्टेटस’पासून, जुन्या फ्रेंचमार्गे. लॅटिनमध्येही त्याचा अर्थ उभं असण्याची रीत, स्थिती. लॅटिनमधला तो धातू आणि संस्कृतमधला ‘स्था’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. म्हणून संस्थान, स्थिती, अवस्था हे शब्द ‘स्टेट’चे पर्याय तर आहेतच, पण त्याचे दूरचे भाऊबंदही आहेत. रियासतला हे नातं नाही.

‘स्थिती’ या अर्थावरून ‘सत्ता’ या अर्थावर युरोपातले लोक कसे गेले? राजाची स्थिती, त्याचा दर्जा, त्याचं स्थान टिकणं यावरून हळूहळू त्या स्थानाभोवतीच्या सगळ्या यंत्रणेला तोच शब्द लागू झाला. मॅकियाव्हेलीनं १५१३ च्या सुमारास लिहिलेल्या ‘द प्रिन्स’मध्ये इटालियन ‘स्तातो’ हा शब्द या दोन अर्थांच्या मधोमध उभा दिसतो. कधी राजाची पकड, कधी त्याचा मुलूख. त्याच लॅटिन शब्दाची दुसरी फांदी ‘इस्टेट’. आपण मराठीत ‘बापाची इस्टेट’ म्हणतो तेव्हा ‘स्टेट’च्याच सख्ख्या बहिणीचं नाव घेत असतो. सत्ता आणि मालमत्ता यांना एकच शब्द पुरावा, हे आपल्याकडेही घडलं आहे. मराठेशाहीच्या कागदांत ‘दौलत’ म्हणजे राज्य. शिंद्यांची दौलत, होळकरांची दौलत, दौलतीचा कारभार, हे शब्द बखरी आणि पत्रं वाचणाऱ्याला ओळखीचे आहेत. अरबीत ‘दौला’ म्हणजे आजही राज्यसत्ता. तुर्कीत ‘देवलेत’ही तेच. मराठी-हिंदीत मात्र दौलतीचा राज्य हा अर्थ गळून पडला आणि तिजोरीतला पैसा तेवढा उरला. या अरबी शब्दाचं मूळ तर ‘स्था’च्या अगदी उलट आहे, त्यात फिरण्याचा, पालटण्याचा अर्थ आहे. एका भाषेनं सत्तेला उभं राहणं म्हटलं, दुसरीनं पाळी फिरणं. मला या दोन शब्दांत राजकारणाची दोन पुरी तत्त्वज्ञानं दिसतात, आणि मराठेशाहीनं यातलं दुसरं निवडलं होतं याचं नवल वाटत नाही.

आता १९४७ कडे येऊ, कारण ‘स्टेट’च्या अर्थात सर्वांत मोठी उलथापालथ त्या दोन-तीन वर्षांत झाली. इंग्रजी अमलात हिंदुस्थानचे दोन भाग होते. इंग्रजांच्या थेट ताब्यातले ‘प्रॉव्हिन्स’, म्हणजे प्रांत, आणि राजेरजवाड्यांची ‘स्टेट्स’, म्हणजे संस्थानं. मुंबई हा प्रांत, कोल्हापूर हे संस्थान. सरदार पटेलांच्या हाताखाली जुलै १९४७ मध्ये जे ‘स्टेट्स डिपार्टमेंट’ उघडलं ते संस्थानांचं खातं होतं, आजच्या अर्थानं राज्यांचं नव्हे. त्या काळातला इंग्रजी कागद मराठीत आणताना ‘स्टेट’ला ‘राज्य’ लिहिणं म्हणजे वाचकाची शुद्ध दिशाभूल.

हा भेद पुसण्याची सूचना कोणी केली होती? मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केलं. त्याच्या आरंभीच त्यांनी सुचवलं की ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांनाही यापुढे ‘स्टेट्स’ म्हणावं, आणि प्रांत व संस्थानं मिळून जे होईल त्याला ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ म्हणावं. हे शेवटचं नाव मान्य झालं नाही. पण प्रांत आणि संस्थान यांना एकाच नावाखाली आणण्याची गोष्ट संविधानात उतरली. २६ जानेवारी १९५० रोजी मुंबई प्रांत ‘मुंबई राज्य’ झाला. त्याच दिवशी संस्थानांच्या विलीनीकरणातून झालेले संघही ‘राज्य’ झाले. जो शब्द कालपर्यंत राजाच्या गादीला लावला जाई, तो मतदारांच्या घटकाला लागला. इंग्रजीत शब्द तोच राहिला म्हणून ही क्रांती इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांत भरत नाही. मराठीत मात्र ती दिसते: संस्थान गेलं, राज्य आलं.

देवासच्या दोन्ही पात्या यातून गेल्या. १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास आणि इतर संस्थानांचा मध्य भारत संघ झाला. २८ मे रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. संविधानात मध्य भारत ‘भाग ब’ मधलं राज्य होतं. जुन्या प्रांतांवर राज्यपाल आणि संस्थानी संघांवर राजप्रमुख, एवढा फरक काही वर्षं शिल्लक राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत तोही गेला आणि हा मुलूख मध्य प्रदेशात आला. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. त्यानंतर ‘संस्थानिक’ हा शब्द आपल्याकडे फक्त इतिहासासाठी, किंवा एखाद्या पुढाऱ्याला टोमणा मारण्यासाठी, उरला.

संविधानात मात्र आणखी एक गाठ आहे. त्यात ‘स्टेट’ दोन अर्थांनी येतो. एक महाराष्ट्र, मध्य प्रदेश यांच्यासारखं घटक राज्य. दुसरा, शासनसत्ता या अर्थानं. मूलभूत हक्कांच्या भागातला अनुच्छेद १२ सांगतो की इथे ‘स्टेट’ म्हणजे केंद्राचं शासन व संसद, राज्यांची शासनं व विधिमंडळं, आणि स्थानिक व इतर प्राधिकरणं. हिंदी आणि मराठी दोन्ही पाठांत या दोन्ही अर्थांना ‘राज्य’ हा एकच शब्द आहे. म्हणजे मध्य प्रदेश हे राज्य. आणि पीपलरावांची नगर परिषद, स्थानिक प्राधिकरण म्हणून, अनुच्छेद १२ च्या अर्थानं तीही ‘राज्य’. नागरिकाच्या हक्कावर नगर परिषदेनं गदा आणली तर तो न्यायालयात जाऊ शकतो, तो याच अर्थाच्या जोरावर. मराठीत या दुसऱ्या अर्थासाठी ‘राज्यसंस्था’ हा शब्द अभ्यासक वापरतात, आणि तो मला फार नेमका वाटतो. शाळेच्या नागरिकशास्त्रात तो आला पाहिजे. ‘राज्यानं सर्वांना समान वागवावं’ हे वाक्य वाचून मुलांना वाटतं की ही जबाबदारी एकट्या राज्य सरकारची, केंद्राची किंवा गावच्या पालिकेची नव्हे. हा गैरसमज केवळ शब्दामुळे होतो.

अमेरिकेच्या बाबतीत मराठीनं जुना शब्द अजून सोडलेला नाही. हिंदीत तिचं अधिकृत नाव ‘संयुक्त राज्य अमेरिका’. मराठीत ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’. ज्या देशानं राजा झुगारून दिला त्याच्या घटकांना आपण अजून संस्थानं म्हणतो. ज्या काळात मराठी लेखकांनी अमेरिकेचं वर्णन करायला घेतलं, त्या काळात ‘स्टेट’ म्हणजे संस्थान हे समीकरण इतकं घट्ट होतं की दुसरा शब्द सुचण्याचं कारणच नव्हतं. पंडिता रमाबाईंनी मात्र १८८९ च्या आपल्या पुस्तकाला ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असं नाव दिलं आणि ‘स्टेट्‌स’ला हातच लावला नाही. त्यांच्या शीर्षकात ‘स्टेट’ही आहे आणि ‘स्थिति’ही, एकाच मुळाचे दोन कोंब एका ओळीत. उर्दूत अमेरिकेला ‘रियासतहाए मुत्तहिदा’ म्हणतात, म्हणजे तिथेही रियासतच. हिंदीनं तेवढी ‘राज्य’ म्हणून वाट बदलली.

देवास-इंदूरकडच्या मराठी माणसाला रोजच्या व्यवहारात खरा त्रास होतो तो दिसायला सारख्या शब्दांचा. हिंदीत ‘संस्थान’ म्हणजे शिक्षण वा संशोधनाची संस्था. २००९ मध्ये सुरू झालेली इंदूरची आयआयटी हिंदीत ‘भारतीय प्रौद्योगिकी संस्थान’ आहे. मराठीत तिला तंत्रज्ञान ‘संस्था’ म्हणावं लागतं, कारण आपल्याकडे संस्थान म्हटलं की एक तर राजाचं, नाही तर देवाचं: शिर्डीचं साईबाबा संस्थान, शेगावचं गजानन महाराज संस्थान. देवाला गादी, उत्पन्न आणि विश्वस्त असतात म्हणून हा शब्द तिथे शोभतो. मला वाटतं, राजे गेल्यावर मराठीतल्या या शब्दाला देवांनी सांभाळलं.

‘राजकीय’ तर याहून अवघड. हिंदीत राजकीय म्हणजे राज्याचा, सरकारी. राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी शाळेच्या पाटीवर ‘राजकीय विद्यालय’ असतं. मराठीत राजकीय म्हणजे राजकारणाशी संबंधित; अशी पाटी महाराष्ट्रात लागली तर पालक मुलांचं नाव काढून घेतील. सामान्यज्ञानाच्या हिंदी पुस्तकांत मध्य प्रदेशचा ‘राजकीय पशु’ बारहसिंगा असतो, आणि मराठी वाचक तिथे ॲरिस्टॉटलची आठवण काढून थबकतो. आपल्याकडे शेकरू हा ‘राज्यप्राणी’ आहे. गंमत अशी की मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांच्या पाट्यांवर उत्तरेतलं ‘राजकीय’ नसून ‘शासकीय’ आहे, अगदी महाराष्ट्रासारखं. पीपलरावांची पाटी मराठी माणसाला शब्दकोशाविना वाचता येते. पण उलट दिशेनं येणारा लोंढा मला खुपतो. थोर माणूस गेला की मराठीत ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’ होत. इतमाम हा किती भारदस्त शब्द! आता बातम्यांत ‘राजकीय सन्मान’ ऐकू येतो. हिंदीत तो बरोबर आहे, मराठीत त्याचा अर्थ राजकारण्यांनी केलेला सत्कार असा होतो. मृताचा यात मान राहत नाही.

‘प्रदेश’चंही तसंच. देवासमध्ये ‘प्रदेश सरकार’, ‘प्रदेश के मुख्यमंत्री’ असं सर्रास म्हणतात. तिथे प्रदेश म्हणजे राज्य. मराठीत प्रदेश म्हणजे भूभाग: डोंगराळ प्रदेश, अवर्षणग्रस्त प्रदेश. फक्त पक्षांच्या ‘प्रदेशाध्यक्षां’नी तो अर्थ आपल्याकडे आणून ठेवला आहे.

काही ठिकाणी जुन्या मराठी पत्रकारांनी ‘स्टेट’चं भाषांतर टाळून मोठं काम केलं. लंडनच्या मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणारा ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया’ असे. शब्दशः केलं असतं तर ‘राज्याचा चिटणीस’ झाला असता आणि कोणालाच काही उमगलं नसतं. मराठीनं त्याला ‘भारतमंत्री’ केलं. मोर्ले भारतमंत्री, माँटेग्यू भारतमंत्री. हिंदीत ‘भारत सचिव’ हा शब्द अधिक चालला. तो इंग्रजी पदनामाला चिकटून राहिला, मराठीनं पदाचं काम पाहिलं. ‘मिनिस्टर ऑफ स्टेट’च्या वेळी हे भान सुटलं. ‘राज्यमंत्री’ म्हटल्यावर केंद्रात ‘केंद्रीय राज्यमंत्री’ असा कानाला खटकणारा शब्द तयार झाला. इथे ‘स्टेट’ म्हणजे घटक राज्य नव्हेच, शासनसत्ता आहे. ‘स्टेट्समन’साठी मात्र आपल्याकडे ‘मुत्सद्दी’ आहे. हिंदीत मुत्सद्दी किंवा मुसद्दी म्हणजे कारकून, हिशेब लिहिणारा. मराठेशाहीत लेखणीच्या माणसानं तहनामे केले, राज्यं उभी केली आणि मोडली, आणि शब्द त्याच्यासोबत कचेरीतून दरबारात चढला. हिंदीतला मुसद्दी दप्तरातच राहिला.

‘एसटी’मधला ‘एस’ म्हणजे स्टेट, हे आपण विसरूनच गेलो आहोत. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. तेव्हा मुंबई हा प्रांत होता, ‘स्टेट’ नव्हे. म्हणजे त्या ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’चा अर्थ राज्याची गाडी असा नसून सरकारी मालकीची गाडी असा आहे. १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची ‘स्टेट बँक’ झाली, तीही याच अर्थानं. हिंदी आणि मराठी दोघींनी तिच्या नावातला ‘स्टेट’ तसाच ठेवला, आणि ठीकच केलं. ‘राज्य बँक’ म्हटली असती तर ती भलतीच झाली असती.

उरला ‘स्थिती’ हा सर्वांत जुना अर्थ. विज्ञानात पदार्थाच्या अवस्था; मराठीत त्यांतली पहिली ‘स्थायू’, पुन्हा तोच ‘स्था’, तर हिंदीत ‘ठोस’. रेल्वेच्या तिकिटावर आरक्षणाची स्थिती, अर्जात वैवाहिक स्थिती. देशाची स्थिती नाजूक झाली तर हिंदीत ‘आपातकाल’, मराठीत ‘आणीबाणी’. १९७५ मध्ये हा शब्द घराघरांत गेला तेव्हा तो नवा वाटला नाही. कसोटीची, निकराची वेळ या अर्थानं तो मराठीत आधीपासून होता, आणि म्हणूनच त्याची धार बोथट झाली नाही.

क्रियापद म्हणून ‘स्टेट’ आला की तो कचेरीचा शब्द होतो. ‘अर्जदार असे नमूद करतो की’ ही ओळ मराठी अर्जांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तिथे ‘नमूद’ हा फार्सी शब्द चपखल बसला आहे. पोलिसांसमोरच्या ‘स्टेटमेंट’ला हिंदीत बयान, मराठीत जबाब. जबाब म्हणजे मुळात उत्तर, विचारल्यावर सांगितलेलं. बँकेचं ‘स्टेटमेंट’ म्हणजे खातेउतारा. मंत्र्यानं सभागृहात केलेलं ते निवेदन. हा शेवटचा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. हिंदीत ‘निवेदन’ म्हणजे विनंती. ‘आप सभी से निवेदन है’ अशी फलकांची सुरुवात असते. मराठीत निवेदन म्हणजे आपली बाजू मांडणं, गावकऱ्यांनी तहसीलदाराला दिलेलं निवेदन म्हणजे मागण्यांचा कागद. पुण्या-नागपूरचा माणूस देवासला जाऊन कलेक्टर कचेरीत म्हणाला, की मी निवेदन द्यायला आलो आहे, तर समोरच्याला तो नम्रपणे काही मागायला आला आहे असं वाटेल. त्याला मांडायची असते तक्रार. तिथे त्यानं ‘ज्ञापन’ म्हणावं. मध्य प्रदेशात मागण्यांच्या कागदाला ज्ञापनच म्हणतात, आणि टेबलापलीकडचा माणूस लगेच पेन उचलतो.